फोनवरचा डॉक्टर आणि दारातली गाडी

(एकलहरे, जि. नाशिक येथील बैठकीत केलेले भाषण)



एकलहरे म्हटले की लोकांना वीज केंद्राची धुराडी आठवतात. पण शेजारीच नाशिकरोड आणि देवळालीला तोफखान्याची छावणी आहे. लष्कर आपल्याला परके नाही. मात्र निवृत्त झालेला जवान जातो कुठे? साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो आणि पुष्कळदा बापाच्या कोरडवाहू वावरात परततो. काल खांद्यावर बंदूक होती, आज पाठीवर फवारणीचा पंप. म्हणून माजी सैनिकाच्या दवाखान्याचा प्रश्न हा शेतकऱ्याच्या घरातलाच प्रश्न आहे.

सरकार म्हणेल, त्यांच्यासाठी ईसीएचएस आहे. आहे ना! १ एप्रिल २००३ पासून आहे. पेन्शनर जवान वर्गणी भरतो, त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना पॉलिक्लिनिकमधून उपचार मिळतात. पण पॉलिक्लिनिक देवळालीला आणि जवानाची वस्ती नांदगाव-येवल्याच्या माळावर. दिवसा एस.टी. तरी मिळते. रात्री अकराला छातीत कळ आली तर काय करायचे?

यावर आता उत्तर दिले जाते, फोनवरचा डॉक्टर. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. सर्वांसाठी ई-संजीवनी आली. २७ मे २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी आजी-माजी सैनिकांसाठी ‘सेहत ओपीडी’ सुरू केली. रक्तदाब, साखर, दुखरे गुडघे यांसाठी सल्ला घरबसल्या मिळाला तर भाडे वाचते, एक दिवसाचे काम बुडत नाही. सोय चांगली आहे. वापरा.

पण नाव नीट वाचा. ओपीडी म्हणजे बाह्यरुग्ण विभाग, तातडीचा नव्हे. खुद्द २०२० च्या नियमांतच म्हटले आहे की तातडीच्या वेळी दूरवरचा सल्ला प्रथमोपचार, जीव वाचवण्याचे उपाय, धीर आणि पुढे पाठवणे एवढ्यापुरताच ठेवावा.

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण सल्ला आणि निविष्ठा यांतला फरक मला कळतो. बोंडअळीवर काय मारायचे ते फोनवर समजते. औषध मात्र फोनमधून गळत नाही. तसेच सापाचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी एकच लस आहे, पण ती शिरेतून द्यावी लागते. ती आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये नसेल तर दिल्लीचा डॉक्टर पडद्यावर दिसून उपयोग काय?

मग फोन निरुपयोगी का? मुळीच नाही. पहिल्या दहा मिनिटांचा निर्णय तो बरोबर करून देतो. अमेरिकेतही माजी सैनिकांचे खाते फोनवर आधी परिचारिकेकडून विचारपूस करते, गरज पडली तर डॉक्टर व्हिडिओवर येतो आणि घरी थांबायचे की दवाखाना गाठायचा ते सांगतो. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी डब्यावरचे लेबल कॅमेऱ्यासमोर धरले तर विष कोणते ते डॉक्टरला लगेच कळते. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, एवढे सांगणारा माणूससुद्धा जीव वाचवतो.

म्हणून क्रम पाठ करा. आधी १०८ ला फोन. महाराष्ट्रात २०१४ पासून ही गाडी डॉक्टरसह आहे. गाडी येईपर्यंत फोनवरच्या डॉक्टरचा सल्ला. साप चावलेला पाय हलवू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. विषबाधेत डबा आणि छातीच्या दुखण्यात जुने कागद बरोबर घ्या. माजी सैनिक असाल तर हेही लक्षात ठेवा: खऱ्या तातडीत योजनेच्या यादीबाहेरचे रुग्णालयही चालते, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते आणि पैसे योजनेच्या दरानेच मिळतात. ही गोष्ट घरच्या बाईला माहीत हवी, कारण त्या रात्री धावपळ तिलाच करायची असते.

आता मागण्या. एक, माजी सैनिकांसाठी रात्रंदिवस चालणारा, मराठी बोलणारा तातडीचा डॉक्टर फोनवर हवा आणि त्यालाच १०८ ची गाडी पाठवता आली पाहिजे. दोन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि फवारणीच्या विषावरचे अॅट्रोपीन किती शिल्लक आहे, ते फळ्यावर लिहिले पाहिजे. तीन, अग्निपथ योजनेच्या २०२२ च्या अटींप्रमाणे चार वर्षांनी घरी येणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. तोही आपलाच पोर आहे. त्याच्या दवाखान्याचे काय, हे सरकारने सांगावे.

हे ठराव आपापल्या ग्रामसभेत मांडा. आणि उद्याच आरोग्य केंद्रात जाऊन पहिला प्रश्न विचारा, “लस आहे का? दाखवा.”