नियमाचं नाव नीट ठेवा

आज बोलूया स्टाइललिंटबद्दल. म्हणजे सीएसएस तपासून चुका दाखवणारं टूल.

आमच्या टीमने आयडी सिलेक्टरसाठी स्वतःचे दोन नियम लिहिले होते, 'नो-आयडी' आणि 'स्ट्रिक्ट-आयडी'. पहिला म्हणे एकही आयडी नको, दुसरा म्हणे एक चालेल. नवीन आलेल्या मुलीने जुन्या पेजसाठी दुसरा चालू केला, पण पहिला बंद करायचा राहिला. बिल्ड सारखी फेल. दोन दिवस तिला वाटत होतं, आपल्यालाच सीएसएस येत नाही. खरं तर नावं मी ठेवली होती. चूक माझी होती.

स्टाइललिंटमध्येही पूर्वी 'सिलेक्टर-नो-आयडी' होता. तो काढून त्याचं काम 'सिलेक्टर-मॅक्स-आयडी'कडे दिलं. 0 दिलं की पूर्ण बंदी, 1 दिलं की एका सिलेक्टरमध्ये एक आयडी चालेल. नियम एक, आकडा तुमचा.

नावाची रीतही सोपी आहे. आधी कशाला लागू, मग काय तपासायचं. 'कलर-नो-इन्व्हॅलिड-हेक्स' वाचलं की लगेच कळतं, रंगाचा हेक्स कोड चुकीचा नको.

पण म्हणून सगळंच एकत्र कोंबू नका. फक्त मर्यादा वेगळी असेल तर ऑप्शन द्या. तपासायची गोष्टच वेगळी असेल तर नियमही वेगळा ठेवा.

मी आमचे दोन्ही नियम काढून टाकले आणि त्या मुलीला सॉरी म्हणालो. तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये अशी जोडी आहे का, आज एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!