गुंड्याभाऊंची नोकरी



चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी चिं. वि. जोशी यांनी कागदावर उभी केली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने तिला घरोघर पोचविले. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे.

कर्वे यांचा जन्म १९३० सालचा. २०२५ च्या ऑगस्टात, ९५ वर्षांचे होऊन, ते वारले. त्यांच्या अभिनयाविषयी जाणकारांनी पुष्कळ सांगितले आहे. मी पडलो कामगार चळवळीतला माणूस. माझे लक्ष त्यांच्या नोकरीकडे जाते. तीस वर्षांहून अधिक काळ ते मुंबई महापालिकेत नोकरीला होते. घरची चूल त्या पगारावर पेटत होती, म्हणून तोंडाला रंग लावता आला.

आपल्याकडे दंडारीतला नट दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबतो आणि रात्री राजा होतो. त्याच्या पाठीशी मात्र पगार नाही, पेन्शन नाही.

आजच्या रोजच्या मालिकेत नोकरी सांभाळून काम होत नाही. बारा-बारा तास चित्रीकरण, रोजावर हिशेब, आणि पैसे पुष्कळदा तीन महिन्यांनी. मालिका बंद पडली की नट बेकार. या पैशाला आपण 'मानधन' म्हणतो. शब्द गोड आहे. पण मानाला ठरलेली तारीख नसते, मजुरीला असते. तिला मजुरीच म्हणा. त्यात नटाचा अपमान नाही.

आपल्या टाळ्या त्याला पोचतात. त्याची मजुरीही वेळेवर पोचावी, असा आग्रह प्रेक्षकांनी धरला पाहिजे.