‘दोन्ही शिकवा’ म्हणणाऱ्यांना

(मराठी मंडळाच्या साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



काल दुपारच्या परिसंवादात एक सज्जन गृहस्थ म्हणाले, “शाळेत उत्क्रांती शिकवतात ना, मग सृष्टी देवाने निर्माण केली हेही शिकवू द्या की. मुलं हुशार आहेत, त्यांचं ती ठरवतील.” त्यावर सभागृहात टाळ्या पडल्या. मी माझ्या भाषणाचा विषय ‘परदेशातलं मराठी साहित्य’ असा कळवला होता. तो कागद पर्समध्येच राहू दे. त्या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतंच. मला त्या टाळ्यांविषयी बोलायचं आहे. ज्या पेनसिल्व्हेनियात त्या वाजल्या, तिथे हा प्रश्न नवा नाही. इथून गाडीने दोन तासांवर, हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात, 2005 साली याच मागणीवर सहा आठवडे खटला चालला होता. आपल्यापैकी कितीतरी जण तेव्हा या राज्यात राहत होते. आपण काय करत होतो, ते विचारत नाही. बहुधा गणेशोत्सवाचा हिशेब.

खटल्याचं गाव डोव्हर, यॉर्क काउंटी. 18 ऑक्टोबर 2004 ला तिथल्या स्कूल बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला, की डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटी आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’सारखे पर्याय विद्यार्थ्यांच्या कानावर घालावेत. म्हणजे जीवसृष्टी इतकी गुंतागुंतीची आहे की ती कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवलेली असणार. कर्ता कोण, हे मात्र बोलायचं नाही. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचायला चार परिच्छेदांचं एक निवेदन तयार झालं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. मी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलेलं आहे. ज्या बोर्डाच्या हातात आपली नोकरी, त्याच्या ठरावाला तोंडावर ‘नाही’ म्हणायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे. शेवटी जानेवारीत प्रशासनातल्या माणसांनी वर्गात येऊन ते वाचलं. तोवर अकरा पालक कोर्टात गेले होते.

कोर्टात काय निघालं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनी ऐकावं. निवेदनात मुलांना ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ नावाचं पुस्तक वाचायला सुचवलं होतं. त्याचे जुने खर्डे कोर्टात आले. 1987 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लुइझियानाचा एक कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला होता. उत्क्रांती शिकवाल तर सोबत ‘निर्मितीचं विज्ञान’ही शिकवलंच पाहिजे, असा तो कायदा. काल इथे झालेली मागणी शब्दशः तीच. त्या निकालानंतर या पुस्तकाच्या खर्ड्यात निर्मितिवादाचे शब्द सुमारे दीडशे ठिकाणी खोडून तिथे ‘डिझाइन’चे शब्द घातले गेले. व्याख्या तीच, मजकूर तोच, पाटी नवी. घाईघाईत एके ठिकाणी जुना शब्द अर्धाच पुसला गेला आणि नवा त्यातच अडकला. आयुष्यभर ‘जोडणारा दुवा दाखवा’ म्हणून हटून बसलेल्यांच्या स्वतःच्या हस्तलिखितात तो असा सापडला!

या पुस्तकाच्या साठ प्रती शाळेला कोणी दिल्या? आपल्याला माहीत नाही, असं बोर्डाच्या एका सदस्याने शपथेवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यानेच आपल्या चर्चमध्ये पैसे गोळा केले होते आणि 850 डॉलरचा चेक बोर्डाच्या अध्यक्षांच्या वडिलांमार्फत पुढे गेला होता. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, धाकट्या बुश यांनी नेमलेले. म्हणजे ‘डाव्यांचं कारस्थान’ म्हणायचीही सोय नाही. 20 डिसेंबर 2005 च्या 139 पानी निकालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की चारचौघांत धर्मश्रद्धेचा अभिमान मिरवणारी ही माणसं आपला खरा हेतू झाकण्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलली. वकिलांची फी आणि पालकांची नाममात्र भरपाई मिळून शाळेला भरावे लागले दहा लाख अकरा डॉलर. ते वरचे अकरा डॉलर मला फार आवडतात.

“पण हे लोक खोटे निघाले म्हणून मागणी चूक ठरत नाही,” असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून मागणीकडेच येते.

बोर्डाच्या बाजूचे सर्वांत मोठे साक्षीदार होते लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. त्यांना विचारलं, इंटेलिजंट डिझाइन बसेल अशी विज्ञानाची जी व्याख्या तुम्ही करता, त्या व्याख्येत फलज्योतिष बसतं का? त्यांनी शपथेवर कबूल केलं, बसतं. इथे काही चेहरे उजळलेले दिसतात मला! भारतात 2001 साली यूजीसीने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, तेव्हाही असेच उजळले होते. पुढे रोगप्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे 58 शोधनिबंध आणि पुस्तकांची चळत बीहींसमोर ठेवली गेली. त्यांचं म्हणणं, हे पुरेसं नाही. मग पुरेसं किती? आणि स्वतःच्या बाजूने? एकही प्रयोग नाही.

विज्ञानाच्या तासात जागा कशी मिळते, ते सांगते. 2004 च्या उन्हाळ्यात डोव्हरचं बोर्ड पुस्तकावरून भांडत होतं, त्याच उन्हाळ्यात जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन, फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसचे टेड डेश्लर आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीर बेटावर, दगड फोडत होते. तिथेच का? चारपायी प्राण्यांचे जुने अवशेष आणि त्याआधीचे मासे, यांच्या मधल्या काळाचे, उथळ पाण्यात साठलेले खडक नकाशावर शोधले, तर ते तिथे उघडे पडलेले होते. सिद्धांत खरा असेल तर साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या या थरात काहीतरी मधलं मिळायला हवं. काही उन्हाळे रिकामे गेले. मग टिक्टालिक मिळाला: खवले आणि कल्ले माशाचे, पण डोकं चपटं, मान सुटी, आणि परांच्या आत खांदा, कोपर, मनगटाची हाडं. आधी भाकीत, मग बर्फात जाऊन खोदकाम, मग जगाने तपासणी. पाठ्यपुस्तकातलं पान असं कमवावं लागतं. ‘दोन्ही शिकवा’ म्हणणाऱ्यांना हे श्रम नको आहेत. त्यांना परीक्षेला न बसता गुणपत्रिका हवी आहे, आणि ती मागताना वर शब्द वापरायचा ‘न्याय’.

आता जरा घरचं बोलू. ‘दोन्ही’ म्हणजे दोन. त्या दोनांत तुम्ही कुठे आहात? लुइझियानाच्या कायद्यातली निर्मिती बायबलमधली होती. तिथे हिरण्यगर्भाला जागा नव्हती, पुरुषसूक्ताला नव्हती. नासदीय सूक्ताला तर मिळूच शकत नाही. त्याचा ऋषी शेवटी शंका घेऊन थांबतो, आणि शंका घेणारा साक्षीदार या मंडळींना चालत नाही.

आणि धर्म आणि सरकारी शाळा यांच्यामधल्या ज्या भिंतीला आपण भोक पाडू पाहतो आहोत, तिच्या आड आपलीच मुलं वाढली. या राज्यात कायदाच होता, की पब्लिक स्कूलचा दिवस बायबलमधली किमान दहा वचनं वाचून सुरू व्हावा. ॲबिंग्टनच्या शाळेत एलरी शेम्प नावाचा सोळा वर्षांचा मुलगा 1956 साली त्या वेळी कुराण उघडून बसला आणि वडिलांसह कोर्टात गेला. 1963 साली सुप्रीम कोर्टाने ते वाचन घटनाबाह्य ठरवलं. दोन वर्षांनी, 1965 मध्ये, इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपण यायला लागलो. आपल्या लेकरांना दररोज सकाळी परक्या धर्माचा पाठ ऐकावा लागला नाही, हे फुकट मिळालं नव्हतं. त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं होतं, की धर्मांचा अभ्यास इतिहास आणि वाङ्मय म्हणून शाळेत जरूर करावा. कोणी अडवलंय? समाजशास्त्राच्या तासाला सगळ्या धर्मांच्या सृष्टिकथा शिकवा, मी स्वतः येऊन शिकवीन. विज्ञानाच्या तासाला नाही.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर: “आमचा धर्म उत्क्रांतीच्या विरुद्ध नाहीच. दशावतार म्हणजेच उत्क्रांती. आधी मासा, मग कासव, मग वराह...” हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलंय, इंजिनिअरांकडून ऐकलंय, आणि सर्वांत दुःखाची गोष्ट, जीवशास्त्राच्या पदवीधरांकडून ऐकलंय. अहो, अवतार म्हणजे संकट पाहून देवाने हेतुपुरस्सर खाली येणं. नैसर्गिक निवडीला हेतूच नसतो. तो नसतो हाच डार्विनचा शोध. नरसिंहाचा जीवाश्म कोणत्या थरात शोधायचा? परशुराम, राम आणि कृष्ण या तीन वेगळ्या प्रजाती का? आणि नववा अवतार बुद्ध की आपला विठ्ठल, यावर आपल्या जुन्या पंचांगांतल्या चित्रांचंही एकमत नाही. कोकणातला दशावतारी खेळ मी पहाटेपर्यंत मांडी मोडून बघते. त्याला जीवशास्त्राच्या तासाला बसवणं हा दशावताराचाही अपमान आहे.

तिकडे मायदेशातही हेच. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून निषेध केला. पण मला नवल वाटतं ते वेगळंच. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते! खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून त्यांच्या खात्याने फाइल बंद केली असती का? ठसे असतात, डाग असतात. माणसाच्या गुणसूत्रांच्या जोड्या 23, चिंपांझी-गोरिलांच्या 24. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं, तर टोकाला असायची खूण त्याच्या मध्यावर सापडते; दोन गुणसूत्रं तिथे जुळलेली आहेत. हाच पुरावा जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी डोव्हरच्या खटल्यात उलगडून दाखवला. मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत, बरं का. देव मानणाऱ्यांची टिंगल करून उत्क्रांती शिकवता येते असं समजणारे आपल्यातले काही पुरोगामी मित्र आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते.

पुढे एनसीईआरटीने ओझं कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांतीच काढून टाकली. बारावीत ती आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरती. बाकीच्यांनी डार्विनशिवायच मोठं व्हायचं. इथे ‘दोन्ही शिकवा’ आणि तिथे ‘एकही नको’. बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकात मात्र हाच धडा पहिला होता, अवशेषांगांपासून जोडणाऱ्या दुव्यांपर्यंत सगळं त्यात होतं. ते लिहिणाऱ्यांना माझा इथून नमस्कार.

डोव्हरचा निकाल लागला म्हणजे भांडण मिटलं, असं समजू नका. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात 2024 मध्ये कायदा झाला: विश्व आणि जीवन कसं अस्तित्वात आलं याच्या ‘वैज्ञानिक सिद्धांतां’वर मुलांनी विचारलं तर उत्तर देणाऱ्या शिक्षकाला कोणी अडवू नये. वैज्ञानिक म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. असली पळवाट बंद होते ती स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत. डोव्हरमध्ये निकालाच्या आधीच, नोव्हेंबर 2005 मध्ये, पुन्हा उभे राहिलेले बोर्डाचे आठही सदस्य गावकऱ्यांनी पाडले होते. आपण अध्यक्षीय निवडणुकीवर व्हॉट्सॲपवर रात्र-रात्र वाद घालतो. आपल्या स्कूल बोर्डाच्या सदस्यांची नावं किती जणांना येतात?

आता शेवटचं. आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेच्या पुस्तिकेत ‘विज्ञान’ या विभागात दोन पानं आहेत: ‘दशावतार, जगातला पहिला उत्क्रांतिवाद’. अध्यक्षांनी ठराव मांडण्याची पद्धत नाही, असं कार्यवाह मला खुणेने सांगताहेत. तरी मांडते. ही दोन पानं पुढच्या आवृत्तीत ‘विज्ञान’ विभागातून काढून ‘पुराणकथा’ विभागात घालावीत, आणि रिकाम्या झालेल्या जागी टिक्टालिकवर धडा घ्यावा. तो मी लिहून देईन. कालच्या सज्जन गृहस्थांना विरोधात बोलायला पूर्ण वेळ द्यावा. सूचक मी. अनुमोदन कोण देतंय? कार्यवाह, हात मोजा.