न पाहिलेल्या उमेदवाराची पारख



नोकरीसाठीं आलेला मनुष्य समोरच्या खुर्चीवर येऊन बसला, कीं पहिल्या पांच मिनिटांतच त्याच्याविषयीं आपलें मत बनूं लागतें. त्याचा पोशाख, बोलण्याची ढब, कॉलेजाचें नांव आणि कोणा परिचिताची शिफारस यांचा त्या मतांत मोठा वाटा असतो. आतां अशी कल्पना करा, कीं ती खुर्ची रिकामी आहे. उमेदवार कोल्हापुरांत किंवा नागपुरांत आपल्या घरीं आहे, कंपनी न्यूयॉर्कला आहे, आणि दोघांची प्रत्यक्ष भेट कदाचित् कधींच व्हावयाची नाहीं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींच्या बाबतींत, विशेषतः २०२० च्या महामारीपासून, ही नित्याचीच गोष्ट झाली आहे. अशा न पाहिलेल्या उमेदवाराची पारख करावी कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अशा वेळीं नेमणूक करणारे बहुधा दोन चुकीच्या वाटांनी जातात. कांहीं जण समोरासमोरच्या मुलाखतीची नक्कल पडद्यावर करितात आणि सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्यास पसंत करितात. दुसरे कांहीं जण कूटप्रश्नांचा मारा करितात. विमानांत गोल्फचे चेंडू किती मावतील, असले ते प्रश्न. गूगल या कंपनींत नोकरभरतीची जबाबदारी सांभाळणारे लास्लो बॉक यांनीं २०१३ सालीं स्पष्ट सांगितलें, कीं असे प्रश्न म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय होय. विचारणाऱ्यास आपण मोठे हुशार आहों असें वाटतें, एवढाच त्यांचा उपयोग.

मग भरंवसा कशावर ठेवावा? १९९८ सालीं श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनीं ८५ वर्षांतील संशोधन एकत्र करून या प्रश्नाचा विचार केला. पुढें २०२२ सालीं पॉल सॅकेट व त्यांचे सहकारी यांनीं तोच हिशेब पुन्हां तपासला, आणि पूर्वींचे बरेच आंकडे फुगलेले होते असें दाखविलें. तरीहि दोन्ही हिशेबांतून एक गोष्ट टिकून राहिली. सर्व उमेदवारांस तेच ठरलेले प्रश्न विचारून, आधीं ठरविलेल्या कसोटीवर गुण देणारी मुलाखत ही गप्पावजा मुलाखतीपेक्षां पुष्कळच विश्वसनीय ठरते. प्रत्यक्ष कामाचा नमुनाहि उपयोगी पडतो. उलट, अर्जांत ठळकपणें लिहिलेली अनुभवाचीं वर्षें पुढील कामगिरीविषयीं फारच थोडें सांगतात.

कामाचा नमुना किती बोलका असतो, याचें एक सुंदर उदाहरण आहे. युक्रेनमधील दिमित्री झापोरोझेट्स या तरुणानें २०११ सालीं प्रोग्रॅमर मंडळींस एकत्र काम करतां यावें म्हणून गिटलॅब नांवाचें सॉफ्टवेअर लिहिण्यास आरंभ केला आणि तें सर्वांस खुलें ठेविलें. नेदरलंड्समधील सिड सिब्रांडी यांच्या तें पाहण्यांत आलें. ओळख नाहीं, शिफारसपत्र नाहीं; परंतु लिहिलेली प्रत्येक ओळ डोळ्यांपुढें होती. पुढें दोघांनीं मिळून कंपनी उभारली. मुख्य कार्यालयाची इमारत नसलेली ती कंपनी २०२१ सालीं अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअरबाजारांत दाखल झाली.

मात्र प्रत्येकाजवळ असें खुलें काम असेलच असें नाहीं. नोकरीत लिहिलेलें काम मालकाच्या मालकीचें असतें, तें दाखवितां येत नाहीं. घरसंसार सांभाळणाऱ्या स्त्रीस रात्रीं हौशीचें काम करावयास सवड कोठून असणार? म्हणून नमुना मागावयाचा तर तो करावयास संधि दिली पाहिजे, आणि संधीबरोबर मोबदलाहि दिला पाहिजे. वर्डप्रेसशीं संबंधित ऑटोमॅटिक या कंपनीचे मॅट मलनवेग यांनीं २०१४ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. उमेदवारास कांहीं आठवडे, त्याची चालू नोकरी सांभाळून, कंपनीचें खरें काम द्यावयाचें. आणि पद लहान असो वा मोठें, सर्वांस तासाला सरसकट २५ डॉलर द्यावयाचे. लहान कंपनीस एवढें झेपणार नाहीं, हें खरें. तिनें दोन तासांचें काम द्यावें, पण त्याचे पैसे द्यावे. आठवडाभराचें काम फुकट करून घेणें ही परीक्षा नव्हे, ती वेठबिगार आहे.

त्याआधीं एक साधी चाळणी लावण्यास हरकत नाहीं. एकपासून शंभरपर्यंत आंकडे छापावे, तिनानें भाग जाणाऱ्याच्या जागीं एक शब्द, पांचानें भाग जाणाऱ्याच्या जागीं दुसरा, आणि दोहोंनीं भाग जात असल्यास दोन्ही शब्द छापावे, हा प्रश्न २००७ सालापासून प्रसिद्ध आहे. परंतु आज असल्या प्रश्नाचें उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र क्षणार्धांत लिहून देतें. म्हणून उत्तरापेक्षां उत्तरावरील संभाषण महत्त्वाचें झालें आहे. ही ओळ येथें कां घातली? वापरणारे दसपट झाले, तर प्रथम कोठें बिघडेल? आतां ही एक अट बदला पाहूं! ज्यानें काम समजून केलें आहे, तो अडखळत कां होईना, पण उत्तर देतो. उसन्या उत्तराच्या धन्याला तें साधत नाहीं.

दूर बसून काम करणाऱ्यास आणखी एक गुण लागतो, तो म्हणजे स्पष्ट लिहिण्याचा. उन्हाळ्यांत न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हां पुण्यांत सायंकाळचे साडेसात झालेले असतात. शंका आली कीं शेजारच्या मेजावर जाऊन विचारण्याची सोय नाहीं. म्हणून उमेदवार आपली अडचण कशी मांडतो आणि काम अपुरें राहिल्यास तें आपण होऊन कळवितो कीं नाहीं, हें नमुन्याबरोबरच पाहावें.

येथें कोणी विचारील, कीं पडद्यावरचा मनुष्य खरा कशावरून? ही शंका निराधार नाहीं. संगणक-सुरक्षेचें शिक्षण देणाऱ्या नोबीफोर या अमेरिकन कंपनीनें २०२४ सालीं स्वतःच जाहीर केलें, कीं चार चित्र-मुलाखती घेऊन व पूर्वचौकशी करून नेमलेला मनुष्य उत्तर कोरियाचा हस्तक निघाला. त्यानें एका अमेरिकनाची ओळख चोरली होती आणि छायाचित्र यंत्रानें बदललें होतें. संगणक हातीं पडतांच त्यावर अपायकारक प्रोग्रॅम चढूं लागले, तेव्हां तो पकडला गेला. यावरून हें घ्यावयाचें, कीं काम येतें काय हा एक प्रश्न आहे आणि हा मनुष्य तोच काय हा दुसरा. मुलाखतींतील चतुर उत्तरांनीं दुसरा प्रश्न सुटत नाहीं. त्यासाठीं नेमणुकीपूर्वीं कागदपत्रांची तपासणी हवी, आणि ती सर्वांची सारखीच हवी. आडनांव, देश किंवा उच्चार पाहून संशय घेणें ही सावधगिरी नव्हे. एका भामट्यापायीं शंभर प्रामाणिक तरुणांस दार बंद झालें, तर नुकसान दोन्ही बाजूंचें होतें.

आपणांपैकीं अनेकांच्या घरीं मुलगा, मुलगी किंवा सून अशा नोकरीच्या शोधांत असेल. त्यांनींहि समोरच्या कंपनीची पारख करावी. परीक्षा किती वेळाची, कसोटी कोणती, मोबदला काय, हें प्रथमच विचारावें. नोकरी देण्यासाठीं जो अनामत रक्कम किंवा शुल्क मागतो, त्याच्याशीं व्यवहार करूं नये. खरा मालक पगार देतो, पैसे मागत नाहीं. ज्या कंपनीनें हे प्रश्न ऐकून सरळ उत्तरें दिलीं, ती पुढें पगाराच्या आणि कामाच्या बाबतींतहि सरळ वागण्याचा संभव अधिक. दोन अनोळखी माणसांचा विश्वास एकदम बसत नसतो. परंतु काम, दाम आणि शब्द हीं तिन्ही प्रारंभींच उघड ठेवलीं, तर मधलें हजारों मैलांचें अंतर त्याच्या आड येत नाहीं.