यंत्रवेडाची नवी नावे



शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश झाला. सावरकरांनी सुचविलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ आज सरकारी कागदांवर आहेत. ते पंडितांचे काम. आम्ही युनियनची माणसे. आमचा कोश बांधावर आणि रांगेत तयार होतो. ‘भ्रमणध्वनी’ छापील कागदावरच राहिला, पण त्याच्या वेडाला आमच्या मजुरांनी नावे दिली आहेत. रात्रंदिवस पडदा घासणारा तो ‘बोटघाशा’. न कळणारी बटणे दाबून फोन बिघडविणारा ‘दाबूराव’. शेगावच्या फलाटावर गाडी समोर उभी असता ती कुठवर आली हे मोबाइलवर पाहणारा ‘गाडीशोध्या’. (त्यांत आम्हीही मोडतो.)

एक शब्द मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो मोबाइलवरून चढविणे सक्तीचे झाले. माती उपसली, पण रेंज नाही, फोटो चढला नाही, की हजेरी कोरी. एका बाईने अशा दिवसाला ‘फोटोखाडा’ म्हटले. खाडा म्हणजे मजुराने न येणे; इथे बाई आली होती, यंत्र आले नव्हते. मजुरीच्या अर्जात आम्ही तोच शब्द लिहिला. साहेबांनी अर्थ विचारला, तेव्हा त्या बाईलाच पुढे केले.