माझा बालमित्र



आज मारुतीरायाच्या देवळावर कळस चढला. तो पाहायला माझा बालमित्र राहिला नाही. पहिलीपासून आम्ही एकाच तरटावर बसलो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली हजारो माणसे गेली. पुढे त्याने शाळा सोडून थापी धरली; मी एस.एस.सी. होऊन कचेरीत लागलो.

या जीर्णोद्धारात कोपऱ्यांत सळया व भिंतींना काँक्रीटचा पट्टा हवाच, असा त्याचा हट्ट होता. खर्चावरून कुरकुर झाली, तेव्हा त्याने आपली मजुरी सोडली. देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव नाही. ती मजुरी त्याच्या नावे जमा धरावी, एवढीच विनंती.