सुंठीवाचून न जाणारा खोकला



व्याख्यानमालेत खोकल्यावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याची एक मोठी सोय होते. विषयाची प्रात्यक्षिके श्रोत्यांतूनच मिळत राहतात. मागच्या रांगांतून दोन आत्ताच मिळाली. त्याबद्दल कोणी ओशाळू नये. खोकला हा स्वतः रोग नव्हे. ती देहाची राखण आहे. श्वासनळीत काही गेले, कफ साचला किंवा आतले अस्तर सुजले, की तेथील मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी वर्दी देतात. आपण खोल श्वास घेतो, कंठद्वार मिटते, छातीपोटाचे स्नायू आवळतात, आणि दार एकाएकी उघडले की कोंडलेली हवा आतला ऐवज घेऊन बाहेर पडते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुष्कळदा धड खोकता येत नाही, आणि घशातले पाणी फुप्फुसात उतरून तो न्यूमोनियाने दगावतो. म्हणून ‘डॉक्टर, काही करा, पण खोकला थांबवा’ ही मागणी नेहमीच शहाणपणाची असते असे नाही.

पण पहारेकरी चोर नसतानाही रात्रभर शिट्टी फुंकू लागला तर घरच्यांनी काय करावे? आजचा आमचा विषय हा आहे.

साधे पडसे झाल्यावर खोकला किती दिवस राहतो? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांना हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांचा अंदाज सात ते नऊ दिवसांचा निघाला. प्रत्यक्षात सरासरी भरली सुमारे १८ दिवसांची. या दोन आकड्यांमधल्या दहा दिवसांवर औषधांच्या दुकानांचा बराच संसार चालतो. आठव्या दिवशी आपण औषध बदलतो, बाराव्या दिवशी डॉक्टर बदलतो, आणि अठराव्या दिवशी जो कोणी हाताशी असेल त्याला यश देऊन मोकळे होतो. सुंठीवाचून खोकला गेला असे आपण म्हणतो खरे. पण सुंठ चाखताना गेला तर श्रेय सुंठीलाच देतो. याच दिवसांत पुष्कळांच्या पोटात प्रतिजैविके जातात. पडसे विषाणूंचे असेल तर त्यांचा तेथे काडीइतका उपयोग नसतो. जुलाब मात्र लागू शकतात.

नाक चोंदण्याची गोष्टही अशीच. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन या औषधाचे थेंब घातले की पाच मिनिटांत नाक मोकळे होते, आणि जगात याहून गुणकारी काही नाही असे वाटते. हे थेंब तीनचार दिवस वापरावयाचे असतात. त्यापुढे गेले की औषध उतरताच आतल्या रक्तवाहिन्या अधिकच फुगतात, नाक अधिक चोंदते, आणि माणूस पुन्हा थेंब घालतो. ही बाटली वर्षानुवर्षे उशाशी ठेवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचा मूळचा आजार केव्हाच गेलेला असतो. ती थेंबांनी आजारी असतात. पडशाच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन घालतात. पोटातून घेतलेल्या या औषधाने नाक सुटत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याच्या सल्लागार समितीने २०२३ साली दिला. त्याच्या जोडीला क्लोरफेनिरामिन असते. त्याने डोळे मिटू लागतात, तोंडाला कोरड पडते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धाची लघवी अडू शकते. पडशासाठी घेतलेली गोळी आणि अडलेली लघवी यांचा संबंध घरात कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत त्या खोकल्याकडे येतो. एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. सात महिने कोरडी ढास. छातीचा फोटो दोनदा निघालेला, दोन्ही वेळा स्वच्छ. कफ नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही. घरच्यांची झोपमोड नको म्हणून ते ओसरीवर निजत, आणि भजनात मध्येच उबळ येते म्हणून भजनाला जाणे त्यांनी सोडले होते. पिशवीतून त्यांनी सात बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. आम्ही विचारले, याखेरीज काय घेता? ते म्हणाले, काही नाही, फक्त रक्तदाबाची गोळी. ती काय, रोजचीच! तिचे नाव होते रामिप्रिल.

या गोळीची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याच्या विषातील एका द्रव्याने ब्रॅडिकायनिन या शरीरातील पदार्थाचा प्रभाव वाढतो, हे सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ च्या सुमारास दाखविले. त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडविले, आणि १९८१ मध्ये ते तेथे बाजारात आले. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल ही त्याची भावंडे. ‘प्रिल’ हे त्यांचे आडनाव म्हणा. लाखो माणसांची हृदये आणि मूत्रपिंडे या घराण्याने सांभाळली आहेत. पण ब्रॅडिकायनिन मोडणारे जे विकर, त्यालाच ही औषधे रोखतात. मग ते श्वासमार्गात साठते, तेथील मज्जातंतू हुळहुळे होतात, आणि शेकडा पाचपासून वीसपर्यंत लोकांना कोरडा खोकला लागतो, स्त्रियांना अधिक. तो पहिल्या आठवड्यात येईल किंवा कित्येक महिन्यांनी. गोळी चालू आहे तोवर कोणतीही बाटली त्याला हटवू शकत नाही. गोळी बदलल्यावर बहुधा चार आठवड्यांत तो जातो, क्वचित तीन महिने घेतो.

इतके ऐकून कोणी घरी जाऊन गोळी उकिरड्यावर टाकील, ही आमची खरी भीती आहे. एका बाईंनी शेजारणीच्या सांगण्यावरून तेच केले. खोकला गेला, आनंदी आनंद झाला, आणि दोन महिन्यांनी उजवे अंग लुळे पडले. बदल करावयाचा तो डॉक्टरांना सांगून. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही ‘सार्टन’ मंडळी तेच काम करतात आणि खोकला सहसा आणीत नाहीत. आमच्या गृहस्थांना तीच दिली. पाचव्या आठवड्यात ते भजनाला गेले. मात्र ‘प्रिल’ घेताना ओठ किंवा जीभ सुजली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

या गृहस्थांच्या घरी रोज ज्येष्ठमधाचा काढाही होत असे. ज्येष्ठमध घशाला गोड लागतो, पण पुष्कळ दिवस पुष्कळ घेतला तर रक्तदाब वाढवितो! म्हणजे रक्तदाबाच्या गोळीने खोकला, आणि खोकल्याच्या काढ्याने रक्तदाब. झाडपाल्याचे ते निर्धोक, या समजुतीला कसलाही आधार नाही. उलट झाडपाल्याचे ते टाकाऊ, असेही नाही. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे आपल्या कुंपणावरच्या अडुळशातील द्रव्याच्या नमुन्यावरूनच बेतलेले आहे. मधाचे चाटण मुलांचा रात्रीचा खोकला थोडा उणा करते. फक्त वर्षाच्या आतील बाळाला मध बोटावरही देऊ नये.

बाळांचा विषय निघाला म्हणून सांगतो, आणि हे सांगताना आवाज चढला तर क्षमा असावी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड मारणारे विष होते. तेच विष २०२२ मध्ये गँबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून लेकरांच्या पोटात गेले. छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले गेली. ज्या खोकल्यासाठी ते दिले तो बहुतेकांचा आपोआप बरा झाला असता. दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात काढली. ती प्रत्येक घरातील फडताळावर चिकटवावी अशी आहे.

दम्याचा फवारा घेणाऱ्यांना एकच सांगणे. स्टेरॉइडचा फवारा घेतल्यावर चूळ भरून टाका, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरणार नाही. एवढ्याशा चुळेवाचून कित्येकांनी चांगला चाललेला फवारा सोडला आहे.

राहता राहिला क्षय. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासावी, हा आपल्या देशातील नियम आहे, आणि तो गरिबाला व श्रीमंताला सारखाच लागू आहे. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असते. त्याने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे, आणि त्यापायी औषध सोडावयाचे नसते. पण डोळे पिवळे झाले, रंग ओळखू येईनासे झाले किंवा पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; त्यांवर तोड असते. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे, आणि दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते तेथेच पुष्कळजण घसरतात.

थुंकीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोनतीन वेळा खोल श्वास घ्यावा, मोकळ्या हवेत उभे राहून छातीतून खोकून बेडका डबीत घ्यावा आणि झाकण घट्ट लावावे. तोंडातली लाळ नेऊन उपयोग नाही. अशी डबी परत येते आणि माणसाचा आणखी एक दिवस जातो.